एक कॅट, चार डाव: पत्ते शिकायचे तर या क्रमानं

सुट्टीला घरात आठ-दहा माणसं जमली, जेवणं उरकली, सतरंजी अंथरली की कोणीतरी कपाटातून पत्त्यांचा कॅट काढतं. मग अनुभवी मंडळी थेट मेंढीकोट मांडतात आणि नव्या माणसाला सांगतात, "बस, खेळता खेळता येईल." ते येत नाही. तिसऱ्या हाताला (प्रत्येकाचं एकेक पान पडलं की एक हात) त्याच्याकडून दश्शी जाते, भिडू कपाळावर हात मारतो आणि नवा माणूस पुन्हा पत्त्यांना हात लावत नाही.

चूक शिकणाऱ्याची नसते, क्रमाची असते. मेंढीकोट खेळायला चार गोष्टी अंगात मुरलेल्या लागतात: पानांची चढउतार, रंगाला रंग देणं, हुकूम (बाकी रंगांवर मात करणारा रंग) मारणं आणि समोरच्या भिडूचा विचार करणं. मराठी घरांतले चार नेहमीचे खेळ एकेक करून नेमकं हेच शिकवतात. बदाम सात, झब्बू, पाच-तीन-दोन आणि मग मेंढीकोट. रोज संध्याकाळी एक या हिशेबानं चार दिवसांत नवखा माणूस भिडू म्हणून बसवण्याजोगा होतो.

बसण्याआधी

पानं मोजा. 52 भरली पाहिजेत, जोकर वेगळे. घरातल्या जुन्या कॅटमध्ये हमखास एखादं पान कमी निघतं, आणि ते डाव अर्ध्यावर आल्यावर कळतं. एक पान हरवलं असेल तर जोकरवर पेनानं "किलवर नव्वी" असं लिहून तो वापरा. मात्र दुसरा जोकर असेल तर तो बाजूलाच राहू द्या, नाहीतर वाटताना एक पान जास्त होतं आणि कोणाला कळत नाही कुठून आलं.

कागदी पानं पावसाळ्यात दमट होऊन एकमेकांना चिकटतात आणि वाटताना दोन-दोन जातात. चिमूटभर टाल्कम पावडर लावून पुसली की पुन्हा सरकतात. प्लॅस्टिकची पानं घेतलीत तर हा त्रास नाही, पण नव्या कोऱ्या प्लॅस्टिकच्या पानांचा गठ्ठा मांडीवरून घसरतो, म्हणून गादीवर न बसता सतरंजीवर किंवा टेबलाशी बसा.

पिसणं हा बहुतेकांचा कच्चा दुवा. हात खेळून झालेल्या पानांमध्ये एकाच रंगाची चार-चार पानं सलग पडलेली असतात. दोन-तीनदा वरवर पिसलं तर ती तशीच राहतात आणि पुढच्या डावात एकाकडे सात चौकट येतात. गठ्ठ्याचे दोन भाग करून कोपरे एकमेकांत फुर्रकन सोडायची पद्धत येत असेल तर सात वेळा पुरे. हातात धरून वरची पानं खाली टाकायच्या साध्या पद्धतीला याच्या कितीतरी पट वेळा लागतात. लहान मुलांसाठी सोपा उपाय: सगळी पानं पालथी सतरंजीवर पसरा, दोन्ही हातांनी मिनिटभर कालवा, गोळा करा. दिसायला गबाळं, पण पानं चांगली मिसळतात. पिसून झाल्यावर शेजारच्याकडून काटून घ्या, म्हणजे तळाचं पान वाटणाऱ्यानं पाहिलं असलं तरी फरक पडत नाही.

चार रंग: बदाम आणि चौकट लाल, इस्पिक आणि किलवर काळे. प्रत्येकी 13 पानं. हा तेराचा आकडा लक्षात ठेवायचा, पुढे सगळं त्यावरच चालतं. (सावंतवाडीच्या गोल, हातानं रंगवलेल्या दशावतारी गंजिफात दहा रंग असतात, प्रत्येकी बारा पानं, एकूण 120. त्यापुढे आपलं प्रकरण सोपंच.)

आणि हो, घरोघरचे नियम वेगळे असतात. पुणेकर मावशी आणि नागपूरकर आत्या एकाच डावात बसल्या तर पहिला हात पडायच्या आत नियम ठरवून घ्या. मधेच ठरवायला गेलात तर खेळ राहतो बाजूला.

पहिला दिवस: बदाम सात

तीन ते आठ जण चालतात, चार ते सहा उत्तम. सगळी 52 पानं वाटून टाकायची. पाच जणांत दोघांना 11 आणि तिघांना 10 येतात. सहा जणांत चौघांना 9 आणि दोघांना 8. म्हणून वाटणारा दर डावाला बदलायचा, म्हणजे जास्तीचं पान फिरत राहतं.

1. ज्याच्याकडे बदाम सत्ती, तो ती मधोमध ठेवून सुरुवात करतो.
2. पुढच्यानं बदाम छक्की, बदाम अठ्ठी किंवा दुसऱ्या कुठल्याही रंगाची सत्ती लावायची. एका वेळी एकच पान.
3. सत्तीच्या एका बाजूला अठ्ठीपासून राजापर्यंत चढत जायचं, दुसऱ्या बाजूला छक्कीपासून एक्क्यापर्यंत उतरत. इथे एक्का सगळ्यांत लहान, दुर्रीच्या खाली.
4. लावण्यासारखं काहीच नसेल तर "पास". असताना पास म्हणता येत नाही.
5. ज्याची पानं आधी संपली तो जिंकला. बाकीच्यांनी हातात उरलेल्या पानांचे गुण मोजायचे: एक्का 1, दश्शीपर्यंत आकड्याप्रमाणे, गुलाम 11, राणी 12, राजा 13. पाच-सहा डावांनंतर ज्याचे गुण सर्वांत कमी, तो पहिला.

मांडणी नीट करा. चारही सत्त्या एका ओळीत, आडव्या. चढती पानं वर एकावर एक, उतरती खाली. नाहीतर चौकट आणि बदाम यांची लाल गल्लत होते आणि कोणीतरी चौकट अठ्ठीवर बदाम नव्वी ठेवून मोकळं होतं.

नवखा माणूस हातात येईल ते पान लावत जातो. खेळ खरा रोखण्यात आहे. तुमच्याकडे किलवर सत्ती आहे पण किलवरची बाकी पानं नाहीत, तर ती जितकी उशिरा लावाल तितके दुसऱ्यांचे राजे-राण्या अडकतात. उलट तुमच्याकडेच किलवर राजा आणि एक्का असतील तर सत्ती लवकर सोडा, कारण तुमची टोकाची पानं तोपर्यंत हलणार नाहीत. दोन पानं लावता येत असतील तर ज्याच्या पुढचं पानही तुमच्याचकडे आहे ते आधी लावा: त्यानं दुसऱ्या कोणाची वाट मोकळी होत नाही.

सहा-सात वर्षांच्या मुलांच्या हातात दहा पानं मावत नाहीत, पंख्यासारखी धरता येत नाहीत आणि मग ती सगळ्यांना दिसतात. समोर जाड पुस्तक उभं करून त्याच्या आड पानं मांडू द्या. याहून लहानांसाठी गुलामचोर: एक गुलाम काढून 51 पानं वाटा, जोड्या लावून टाका, शेजाऱ्याचं एकेक पान न बघता ओढा, शेवटी ज्याच्याकडे एकटा गुलाम राहिला तो चोर. त्यात शिकण्यासारखं फार नाही, हसायला मात्र भरपूर आहे.

दुसरा दिवस: झब्बू

इथे पहिल्यांदा रंगाला रंग द्यायची सवय लागते. तीन ते सहा जण, पानं सगळी वाटायची, आणि आता एक्का सगळ्यांत मोठा. काल लहान होता, आज मोठा. हा बदल मोठ्यानं, दोनदा सांगा.

ज्याच्याकडे इस्पिक एक्का तो उतरतो, म्हणजे हाताचं पहिलं पान टाकतो. बाकीच्यांनी इस्पिकच टाकायचं. सगळ्यांनी रंग दिला की तो हात पालथा घालून बाजूला करायचा, तो पुन्हा खेळात येत नाही. ज्याचं पान सर्वांत मोठं त्यानं पुढची उतारी करायची, हव्या त्या रंगाची.

गंमत रंग नसला की सुरू होते. समजा आजीनं किलवर नव्वी टाकली, काकांनी किलवर राणी टाकली आणि ताईकडे किलवर नाही. ताई दुसऱ्या रंगाचं कुठलंही पान, समजा चौकट राजा, त्यावर टाकते. हा झब्बू. हात तिथेच थांबतो, पुढच्यांनी टाकायचं नाही. उतरलेल्या रंगात मोठं पान काकांचं होतं, म्हणून तिन्ही पानं काकांनी उचलायची आणि पुढची उतारीही त्यांनीच करायची. पानं संपतील तो सुटला, शेवटी ज्याच्या हातात पानं राहतील तो हरला. आपल्या गळ्यातलं काम दुसऱ्याच्या गळ्यात टाकलं की "झब्बू दिला" म्हणतात, ते याच डावावरून.

दोन गोष्टी आधी ठरवा. एक, पहिल्याच हाताला इस्पिक नसेल तर झब्बू धरायचा का? बहुतेक घरांत धरत नाहीत, तो हात तसाच बाजूला जातो. दोन, शेवटच्या पानानं एखाद्यानं हात जिंकला आणि त्याच्याकडे उतारीला पानच उरलं नाही, तर? सोपा नियम: तो सुटला, पुढच्यानं उतरावं.

आता तो तेराचा आकडा. चौघं खेळत असताना एखाद्या रंगाचे तीन पूर्ण हात झाले तर बारा पानं गेली. उरलं एक. ते तुमच्याकडे असेल आणि तुम्ही त्याची उतारी केलीत तर झब्बू ठरलेला, कारण ते पान तुमचंच आहे आणि दुसऱ्या कोणाकडे तो रंग नाही. दोन हात झाले असतील तर पाच पानं बाहेर आहेत, तिथून पुढे जपून. म्हणून एक्का-राजा सुरुवातीलाच, सगळ्यांकडे रंग असताना खपवायचे. नवखी माणसं मोठी पानं "नंतर कामाला येतील" म्हणून जपून ठेवतात. या खेळात मोठं पान हे ओझं आहे.

रंग असून चुकून दुसरं पान टाकलं तर? लक्षात आल्याबरोबर परत घेऊ द्या, या खेळाचा पहिलाच दिवस आहे. सवय झाल्यावर मात्र दंड ठेवा: हातावरची सगळी पानं चुकणाऱ्यानं उचलायची.

तिसरा दिवस: पाच-तीन-दोन

हा तिघांचाच खेळ. चौथा माणूस असेल तर त्याला गुण लिहायला बसवा.

पानं 30 लागतात. दुर्रीपासून छक्कीपर्यंत सगळी काढा (20 पानं), शिवाय किलवर आणि चौकट सत्ती काढा. म्हणजे इस्पिक आणि बदाम यांची आठ-आठ पानं राहिली, किलवर आणि चौकट यांची सात-सात. प्रत्येकाला दहा पानं, दहा हात.

1. वाटणारा आधी सगळ्यांना पाच-पाच पानं देतो.
2. त्याच्या पुढचा खेळाडू ही पाच पानं बघून हुकूम बोलतो. त्याला पाच हात करायचे, म्हणजे जिंकायचे आहेत.
3. उरलेली पाच-पाच पानं वाटली जातात. तिसऱ्याचे तीन हात, वाटणाऱ्याचे दोन.
4. हुकूम बोलणारा उतरतो. रंगाला रंग द्यायचा. रंग नसेल तर हुकूम मारता येतो किंवा दुसरं एखादं पान टाकून देता येतं. हुकमाची सत्तीसुद्धा दुसऱ्या रंगाच्या एक्क्याला मारते. दोघांनी हुकूम मारला तर मोठा हुकूम जिंकतो.
5. ज्याचे पाच होते त्यानं पुढचा डाव वाटायचा. त्यामुळे तीन डावांत प्रत्येकाच्या वाट्याला पाच, तीन, दोन एकदा येऊन जातात. थांबायचं ते तिनाच्या पटीत डाव झाल्यावर, नाहीतर कोणावर तरी अन्याय होतो.

जास्त हात करणाऱ्याला पुढच्या डावात पानं ओढायला मिळतात. समजा दोनवाल्यानं चार हात केले, पाचवाल्यानं चार आणि तीनवाल्यानं दोन. म्हणजे दोनवाला दोनानं पुढे आहे, बाकीचे दोघं एकेकानं मागे. पुढच्या डावात सगळी पानं वाटून हुकूम जाहीर झाला की तो दोघांच्या हातातलं एकेक पान न बघता ओढतो आणि बदल्यात आपलं नको असलेलं पान देतो. ओढलेलं पान फालतू निघालं तर तेच परत केलं तरी चालतं.

पाच पानांवर हुकूम कसा ठरवायचा? एक्का दिसला की त्याचाच रंग बोलायचा मोह होतो. पण एक्का कुठल्याही रंगाचा असला तरी एक हात बहुतेक देतोच, त्याला हुकमाची गरज नाही. हुकूम त्या रंगाचा बोला ज्याची तीन पानं आलीत, मग ती अठ्ठी-नव्वी-गुलाम का असेनात. किलवरची तीन तुमच्याकडे असतील तर बाहेर चारच उरतात आणि पुढच्या पाचांत आणखी एखादं यायची शक्यता आहेच. पाचांत पाच वेगवेगळी भिकार पानं आली तर नशिबाला बोल लावा आणि त्यातल्या त्यात दोनच्या जोडीवर जा.

नवख्यांची ठरलेली चूक म्हणजे हुकूम शेवटपर्यंत दडवून ठेवणं. लांब हुकूम, म्हणजे हुकमाची बरीच पानं हातात असतील तर सुरुवातीलाच दोनदा हुकमाची उतारी करून समोरच्यांचे हुकूम पाडा, मग तुमचे बाकीचे एक्के-राजे निवांत चालतात.

चौथा दिवस: मेंढीकोट

चार माणसं, दोन जोड्या, भिडू समोरासमोर. प्रत्येकाला 13 पानं. जुनी मंडळी पाच, चार, चार अशी थप्पीनं वाटतात. नीट पिसलेलं नसेल तर त्यानं एकेकाच्या हातात एकाच रंगाचे ढीग जातात, म्हणून सुरुवातीला एकेक पान वाटलेलं बरं.

चार दश्श्या म्हणजे मेंढ्या. तीन किंवा चार मेंढ्या असलेले हात जी जोडी उचलेल ती डाव जिंकते. दोन-दोन झाल्या तर ज्यांचे हात सात किंवा जास्त ते जिंकतात. 13 ही विषम संख्या असल्यानं बरोबरी होत नाही. चारही मेंढ्या एका बाजूला गेल्या तर कोट. साधा डाव एक गुण, कोट दोन गुण असा हिशेब सोपा पडतो. हरलेल्या बाजूनं पिसायचं.

हुकूम ठरवायचे दोन प्रकार आहेत. बंद हुकमात एकजण आपलं एक पान पालथं ठेवतो आणि कोणाकडे रंग संपला की ते उघडतात. नवख्यांनी कट हुकूम खेळावा: डाव हुकमाशिवाय सुरू होतो, आणि ज्याच्याकडे पहिल्यांदा रंग नसेल तो जे पान टाकेल तो रंग त्या क्षणापासून हुकूम.

इथेच सगळ्यांत महाग चूक होते. रंग संपलेला नवखा माणूस सवयीनं हातातलं सगळ्यांत निकामी पान, समजा एकटी पडलेली चौकट दुर्री, टाकून देतो. टाकली की चौकट हुकूम झाली, आणि त्याच्याकडे आता एकही चौकट नाही. हुकूम दुसऱ्यांच्या घरी. कट करताना नेहमी आपला लांब रंग टाका, चार-पाच पानं असलेला, आणि त्यातलं लहान पान.

मेंढी कधी द्यायची? या एका प्रश्नावर डाव फिरतात. तुम्ही चौथे असाल आणि हात भिडूचा होत असेल तर डोळे मिटून द्या, तुमच्यानंतर कोणी नाही. तुम्ही तिसरे असाल तर जरा थांबा. भिडूनं चौकट एक्का उतरला, पुढच्यानं तिर्री टाकली, तुमच्याकडे चौकट दश्शी आणि पंजी आहे. चौकटचा हा पहिलाच हात असेल तर शेवटच्याकडे चौकट मुळीच नसण्याची शक्यता कमी आहे: दश्शी द्या. पण तोच रंग दुसऱ्यांदा फिरत असेल आणि भिडूनं राजा टाकला असेल तर शेवटचा हुकूम मारून मेंढी पळवू शकतो, तेव्हा पंजी देऊन दश्शी मागे ठेवलेली बरी. तुम्ही दुसरे असाल तर मेंढी शक्यतो देऊच नका. आणि मेंढीची उतारी म्हणजे शुद्ध दान. ती करायची तर तिच्यावरची पानं सगळी संपली आहेत याची खात्री असेल तरच.

मोजायचं किती? पहिल्या आठवड्यात एवढंच: मेंढ्या किती गेल्या आणि हुकूम किती गेले. चारही रंग मोजायला जाल तर एकही धड मोजून होणार नाही.

भिडूला खुणा करायच्या नाहीत. खोकला, भुवई, "अरे देवा" असा उसासा, सगळं खुणांतच मोडतं. डाव संपेपर्यंत भिडूच्या चुकीवर बोलायचं नाही हा नियमही नवखा माणूस बसलेला असताना सक्तीनं पाळावा. डाव संपल्यावर पानं उघडी मांडून कुठे चुकलं ते दाखवा, तेव्हाच ते डोक्यात राहतं.

सहा जण असतील तर चारही दुर्र्या काढा. 48 पानं, प्रत्येकी आठ, तीन-तीनच्या दोन बाजू, एकाआड एक बसून. इथे हात आठ, म्हणजे सम. मेंढ्या दोन-दोन आणि हात चार-चार असं होऊ शकतं, तेव्हा डाव रद्द की शेवटचा हात घेणारा जिंकला, हे आधी बोलून घ्या.

आणि माणसं आठाच्या वर गेली तर

दोन सारखे कॅट एकत्र करा आणि चॅलेंज खेळा. आठ जणांत 104 पानं, प्रत्येकी 13. पहिला एक किंवा जास्त पानं पालथी टाकून "तीन राण्या" म्हणतो. खऱ्या की खोट्या ते त्यालाच ठाऊक. पुढचा त्यावर "आणखी दोन राण्या" टाकतो, किंवा पास म्हणतो, किंवा "चॅलेंज" म्हणून शेवटी टाकलेली पानं उघडतो. खोटं निघालं तर टाकणाऱ्यानं सगळा ढीग उचलायचा, खरं निघालं तर चॅलेंज करणाऱ्यानं. सगळे पास झाले की ढीग बाजूला जातो आणि शेवटी टाकणारा नवं पान बोलतो.

एका कॅटमध्ये राण्या चारच, त्यामुळे तुमच्याकडे दोन असताना कोणी तीन म्हणालं तर ते खोटंच. दोन कॅटमध्ये आठ असतात, म्हणून संशय घेणं अवघड आणि थापा मारणं सोपं. फक्त शेवटची दोन-तीन पानं हातात असताना थाप मारू नका. त्या वेळी सगळी खोली तुमच्याकडेच बघत असते आणि चॅलेंज येणारच, म्हणून एक खरी जोडी शेवटासाठी पहिल्यापासून बाजूला लावून ठेवा.